मेजर, कॅप्टन आणि हवालदार खैरनार

खैरनारकाका फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झाले, देवळाली कॅम्पात घर बांधलं आणि लगेच दोन कुत्री पाळली. एकाचं नाव मेजर, दुसऱ्याचं कॅप्टन. सकाळी आमच्या गल्लीत त्यांचा आवाज घुमायचा, "मेजर, बस! कॅप्टन, तोंड बंद!" ज्यांना सलाम ठोकण्यात उभी नोकरी गेली त्यांना खाली बसवण्यात काकांना जे सुख मिळायचं, ते पेन्शननेही दिलं नसेल. गल्लीत सगळे हसायचे. हसू नये असं वाटणारी एकच व्यक्ती होती, त्यांची बायको. तिलाही ते त्याच आवाजात बोलवत, फक्त तिला हुद्दा नव्हता.

मी त्यांच्या शेजारी राहतो. नाशिक रोडला कारकुनी करतो, म्हणून ते मला 'बाबू' म्हणत. माझे वडील दवाखान्यात होते तेव्हा हा माणूस तीन दिवस वॉर्डाच्या दाराशी खुर्ची टाकून पहाऱ्याला बसला होता. नातेवाइकांना दोन-दोन करून आत सोडायचा आणि रडायला लागलेल्याला दंड धरून बाहेर काढायचा. "रडायचंय तर पार्किंगमध्ये. पेशंटसमोर नाय." वडील बरे होऊन घरी आले. तेव्हापासून मी काकांचं सगळं ऐकून घेत आलो.

मग एक दिवस टेम्पोतून होडी आली. मुंबईहून आणलेली, जुनी, लहानशी, शिडाची. तीन माणसं बसली तर चौथ्याने पाय कुठे ठेवावा असा प्रश्न पडावा एवढीच. ती दारणा धरणाच्या पाण्यावर न्यायची आणि मेजर-कॅप्टनला घेऊन शीड लावून फिरायचं, हा काकांचा बेत. मी विचारलं, "काका, कुत्री कशाला होडीत?"

"वजन लागतं, बाबू."

ते खरंच होतं. वारा शिडात भरला की होडी एका बाजूला कलते, तिला सावरायला वजन दुसऱ्या बाजूला लागतं. वळण घेताना शीड इकडचं तिकडे जातं, तेव्हा वजनानेही चटकन बाजू बदलावी लागते. नाही बदलली तर सगळे पाण्यात. हे काम काकांनी कुत्र्यांना शिकवलं. अंगणात चुन्याने होडीचा आकार आखला, त्यात दोघांना बसवलं, आणि "पलट!" म्हटलं की दोघांनी या रेषेवरून त्या रेषेवर जायचं. चुकलं तर त्या दिवशी भाकरी बंद. मेजर लवकर शिकला. कॅप्टन अंगाने जड आणि डोक्याने साधा, त्याचे पहिले कित्येक दिवस उपाशी गेले. तो काकूंकडे बघून कण्हायचा आणि काकू भाकरीचं टोपलं पदराखाली घेऊन मागच्या दाराने जायच्या. कॅप्टनही थोड्या वेळाने मागे जायचा. काकांना हे कधी कळलं नाही. त्यांना वाटायचं, कुत्रं हुकमाने शिकलं.

काकू सटाण्याकडच्या. बोलणं कमी, राग आला की माहेरची अहिराणी. त्यांना होडीत बसायचं होतं. हे त्यांनी आडून नाही, सरळ सांगितलं होतं. "आमच्याकडं पाणी म्हंजे हंड्यातलं. एकदा पाण्याच्या मधे जाऊन बघायचंय, गाव कसं दिसतं ते."

काका म्हणाले, "होडीत हुकूम ऐकणाऱ्यालाच जागा."

दर रविवारी काका, काकू, मी आणि दोन कुत्री दारणेवर जायचो. मी होडी पाण्यात ढकलायची. काका दोन्ही कुत्र्यांना नारिंगी जाकिटं चढवायचे. बुडू नये म्हणून असतात तशी, पाठीवर धरायला पट्टा असलेली. मग शीड फुगायचं आणि काकू काठावर पोतं अंथरून डबा मांडीवर घेऊन बसायच्या. डब्यात कुत्र्यांच्या भाकरी. दुरून "पलट!" ऐकू यायचं आणि दोन नारिंगी ठिपके एका बाजूचे दुसऱ्या बाजूला व्हायचे. काकू टक लावून बघत. मला वाटायचं त्या नवऱ्याकडे बघतात. त्या शिडाची दोरी बघत होत्या.

एकदा काका खुशीत होते, तेव्हा त्यांनी मला एक गोष्ट सांगितली. नोकरीत असताना कुठल्याशा तलावाकाठी साहेबांच्या होडीची दोरी धरून उभं राहायचं काम त्यांच्याकडे होतं. साहेब यायचे, मेमसाहेब यायच्या, त्यांचं कुत्रं उडी मारून होडीत बसायचं. "तीन वर्षं, बाबू. कुत्र्याला जागा होती. मला एक दिवस कोणी बस म्हटलं नाय." मला वाटलं, आता हे काकूंचं नाव काढतील. त्यांनी कॅप्टनच्या डोक्यावर टपली मारली आणि म्हणाले, "आता बघ, कोण कोणाची दोरी धरतो."

शेवटी मीच भीड सोडून म्हटलं, काकूंना एकदा तरी बसवा. काकांनी माझ्याकडे पाहिलं, मग काकूंकडे. "चल. परीक्षा देऊन टाक."

काकू चप्पल काठावर काढून, देवळात शिरावं तशा होडीत चढल्या. जाकीट त्यांना नव्हतं. कुत्र्यांची दोन आणि काकांचं एक, एवढीच घरात होती. होडी थोडी आत गेली. काकूंनी मागे वळून गावाकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा असा उजळला की मला काठावरूनही दिसलं. तेवढ्यात काका ओरडले, "पलट!" वारा बदलला नव्हता. वळायचं काही कारण नव्हतं. कुत्री टुणकन पलीकडे गेली, काकांनी होडी वळवली, शिडाची आडवी काठी सुसाट फिरली, काकूंच्या कपाळावर बसली आणि त्या पाण्यात. त्यांच्या धक्क्याने कॅप्टनही. काकांनी वाकून आधी कॅप्टनला पट्ट्याने वर ओढला. काकूंना पट्टा नव्हता. त्या होडीची कड धरून तोंडातलं पाणी थुंकत होत्या. "कुत्र्याला कळतं ते तुला नाय कळत," काका म्हणाले आणि हसले. "ऊठ, पाणी छातीभरच हाय."

काकू छातीभर पाण्यातून चालत आल्या. कपाळावर टेंगूळ आलं होतं. पोत्यावर बसून त्यांनी डबा उघडला आणि परत आलेल्या कुत्र्यांना भाकरी मोडून घातली. काकांच्या या हसण्याबद्दल मला आजही त्यांचा राग येतो, आणि वॉर्डाच्या दारातली ती खुर्चीही आठवते. दोन्ही एकाच माणसाचं आहे, त्याला मी काय करू?

पुढच्या थंडीत काकांना अर्धांगवायू झाला. डावं अंग गेलं. जिभेवर चार-दोन शब्द उरले, तेही जाड. काकूंनी त्यांचं जे केलं ते नर्सलाही जमलं नसतं. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून अंथरुणात सारखी कूस बदलावी लागते. डॉक्टरांनी तसं बजावलं होतं. मी एकदा बसलो असताना काकू आल्या, एक हात काकांच्या खांद्याखाली, एक कमरेखाली घातला आणि म्हणाल्या, "पलट!"

काकांची कूस बदलली. खाटेखाली झोपलेले मेजर आणि कॅप्टन उठले, खाटेला वळसा घालून पलीकडे जाऊन बसले. काका डोळे फाडून त्यांच्याकडे बघत राहिले. काकूंनी चादर नीट केली. त्यांच्या तोंडावर हसू नव्हतं, पण त्या दिवसापासून त्यांनी दुसरा शब्द कधी वापरला नाही. काकांच्या पाठीवर शेवटपर्यंत एकही जखम झाली नाही.

रविवारी कुत्री दाराशी रडायची. काकूंनी एक दिवस मला हाक मारली. "चला, शीड लावून द्या." मी घाबरलो. त्यांनी काकांचं जाकीट अंगात चढवलं, साडीचा काष्टा मारला आणि निघाल्या. पहिल्या खेपेला होडी कलंडली. दुसऱ्या खेपेलाही. मी काठावर हाका मारतोय आणि काकू पाण्यात उभ्या राहून हसतायत. "काही होत नाय हो, छातीभरच हाय!" तिसऱ्या रविवारी "पलट!" ऐकू आलं, बाईच्या आवाजात, आणि दोन नारिंगी ठिपके इकडचे तिकडे झाले. कुत्री काकांच्या हुकमाला जेवढा वेळ घेत, तेवढाही त्यांनी घेतला नाही.

पुढे काका चाकांच्या खुर्चीत बसू लागले. डॉक्टर म्हणाले, बाहेर न्या. म्हणून आम्ही त्यांनाही गाडीत घालून नेऊ लागलो. काठावर, पोतं असायचं तिथेच, खुर्ची. मांडीवर डबा. काकू पाण्यावर असेपर्यंत मी त्यांच्याजवळ थांबायचो. त्यांची नजर होडीवरून हलत नसे. उजवा हात मात्र मधूनमधून वर जायचा, होडीच्या दिशेने, आणि खाली यायचा. एकदा त्यांनी काकूंची साडी धरली आणि जड जिभेने म्हणाले, "मी. मला."

"बघू," काकू म्हणाल्या.

मग तो रविवार. मी त्यांना न्यायला घरी गेलो तर काका तयार होऊन बसले होते. एकट्या उजव्या हाताने, कुत्री झोपेतून उठायच्या आत कधीतरी, त्यांनी कॅप्टनचं जाकीट गळ्यात घातलं होतं. ते छातीवर कसंबसं टेकलं होतं, एक बक्कल दाताने ओढून लावलं होतं, पट्टा मानेमागे उभा. माझ्याकडे बघून ते हसले, अर्ध्या तोंडाने. काकू आतून आल्या, क्षणभर थांबल्या. तसंच त्यांना गाडीत बसवून आम्ही दारणेवर गेलो. वाटभर मला वाटत होतं, आज बसवतील. वाटेत काकांनी गुणगुणल्यासारखा आवाजही काढला.

काठावर खुर्ची मांडल्यावर काकू त्यांच्यासमोर वाकल्या. "तुले पलटता येस का?" त्यांनी विचारलं. इतकी वर्षं अहो-जाहो करणाऱ्या बाईच्या तोंडून मी पहिल्यांदा त्यांना 'तू' ऐकलं. काकांनी उजव्या हाताने खुर्चीचा हात धरून जोर केला. मान हलली, खांदा हलला. बाकीचं अंग जागच्या जागी राहिलं.

"नही ना? मंग आठेच बस. आते मना नंबर शे."

इथेच बस, आता माझा नंबर, असं सांगून त्यांनी बक्कल सोडलं, जाकीट काकांच्या गळ्यातून काढलं, झटकलं आणि कॅप्टनच्या पाठीवर चढवलं. कॅप्टन शेपूट हलवत उभा राहिला. मी म्हटलं, "काकू, एकदाच. मी धरून बसतो त्यांना."

"त्यांनाच विचारा, होडीत कोणाला जागा असते," त्या म्हणाल्या आणि होडी स्वतःच पाण्यात ढकलली.

काका त्यानंतर फार दिवस राहिले नाहीत. होडी अजून आहे, काकू अजून जातात. मला मात्र तोच रविवार आठवतो. शीड लांब गेलं होतं, कुत्र्यांनी एकदाही मागे पाहिलं नव्हतं. ऊन काकांच्या डोळ्यांवर येत होतं आणि त्यातून पाणी वाहत होतं, उन्हाने की कशाने ते मी विचारलं नाही. बऱ्याच वेळाने त्यांनी सगळं बळ जिभेत आणून एक शब्द काढला.

"पलट."

तो होडीपर्यंत पोचणं शक्यच नव्हतं. मी त्यांच्या डावीकडे बसलो होतो. उठलो, खुर्चीला वळसा घातला आणि त्यांच्या उजवीकडे जाऊन बसलो.