न धरलेला हात

छापखान्यात लोकांच्या वेलांट्या दुरुस्त करण्यात बाईंची हयात गेली. जोडीला चर्चच्या मंडळीच्या मासिकात दरमहा एक लेख. श्रद्धा, घरची माणसं, प्रवास, जे सुचेल ते. वडील पाळक होते. ते वारले तेव्हा बाईंनी त्यांच्यावर लिहिलं आणि शेवटी लिहिलं की, बाबांनी माझा हात हातात घेतला आणि प्रार्थना पुटपुटत ते शांतपणे गेले.

त्या दिवशी बाई तिथे नव्हत्याच. लांबच्या एका गावी सभागृहात विश्वासावर भाषण करत होत्या. बाबांपाशी होता तो दादा, बस आगारातला मेकॅनिक. त्याने फोनवर सगळं सांगितलं होतं. "मी प्रार्थना सुरू केली, तर म्हणाले, पुरे कर. पलीकडे कोणी ऐकत नाहीये. मग तासाभरात गेले."

बाईंनी हे ऐकलं आणि लिहिलं ते भलतंच. पाळकसाहेबांचं नाव राहावं म्हणून, असं त्यांनी स्वतःला समजावलं. लेख लोकांनी डोक्यावर घेतला. अंत्यविधीला तो वाचला जाऊ लागला. दादाने मासिक मिटून ठेवलं, "बरं लिहिलंयस" म्हणाला आणि पुन्हा कधी त्या मासिकाला हात लावला नाही.

मग बाईंच्या मागे ते लागलं. लिहायला बसलं की डाव्या तळव्यात एक कोरडा, हाडकुळा हात येई. बोटांच्या गाठीसुद्धा जाणवत. उपासनेत, गाडीच्या खिडकीशी, भाजी निवडताना, कुठेही. कधीच न धरलेल्या हाताची आठवण आणि कधीच न ऐकलेला तो आवाज: पुरे कर. प्रार्थनेला बसल्या की पहिल्या ओळीलाच उठत. आठ वर्षं हे चाललं आणि दर महिन्याला लेख मात्र वेळेवर गेला.

एकदा व्याख्यानाच्या निमित्ताने त्या एका निवृत्त नर्सबाईंकडे उतरल्या. सकाळी चहा झाल्यावर नर्सबाईंनी त्या लेखाचं कात्रण समोर ठेवलं. घड्यांवर चिकटपट्टी लावलेली.

"आमचे हे भिंतीकडे तोंड करून गेले," नर्सबाई म्हणाल्या. "प्रार्थना नाही, काही नाही. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. हे वाचलं की वाटतं, माझंच कुठेतरी चुकलं."

बाईंनी कात्रण बाजूला सारलं. "नर्सबाई, मी तिथे नव्हते," त्या म्हणाल्या. मग सगळंच सांगून टाकलं, बाबांचं वाक्यसुद्धा.

नर्सबाई उठल्या. कप उचलले, धुतले, पालथे घातले.

"पाच वर्षं मी स्वतःला खात आलेय, ताई," त्या पाठमोऱ्याच म्हणाल्या. "शेकडो माणसं जाताना पाहिलीत मी. कोण कसं जातं ते मला ठाऊक होतं. तरी तुमच्यावर विश्वास ठेवला."

दुपारचं भाषण बाईंनी रद्द करायला सांगितलं आणि पहिली गाडी धरली.

घरी न जाता त्या थेट आगारात गेल्या. दादा इंजिनात कोपरापर्यंत बुडालेला.

"मला नीट सांग, काय झालं ते," बाई म्हणाल्या. "आता खरं लिहायचंय."

"उशीर केलास," दादा म्हणाला. फडक्याला हात पुसले आणि बाकावर जागा करून दिली. "सकाळी म्हणाले, दाढी कर. मी केली. एक गाल झाला आणि धाप लागली. मग मी प्रार्थना सुरू केली आणि ते तसं बोलले. मला राग आला. जन्मभर आम्हाला गुडघ्यावर बसवलंत, मी म्हटलं. त्यावर म्हणाले, तू चिडू नकोस, मीच घाबरलोय."

"हे मला कधी सांगितलं नाहीस."

"तू विचारलंस कुठे? तुझा लेख तयार होता."

बाईंनी तिथेच वही काढली. जे झालं ते, त्या क्रमाने लिहिलं. स्वतः कुठे होत्या, तेही. मग दादाला वाचून दाखवलं. तो डोळे मिटून ऐकत होता. शेवट जवळ आला तेव्हा त्याने हात वर केला.

"ते 'शांतपणे' काढ," तो म्हणाला. "शांत नव्हते."

बाईंनी शब्द खोडला आणि पुढे वाचू लागल्या.