मीठदाणी कोणी हलवली

हे प्रकरण डोक्यात आलं की आजही मला हसू फुटतं. निवृत्त पोलीस अधिकारी आठवणी लिहायला बसला की लोकांना खून, दरोडे ऐकायचे असतात. ते माझं पुष्कळ सांगून झालंय. हा तपास निवृत्तीनंतरचा, हद्दीबाहेरचा, आणि गुन्हा म्हणाल तर एका मीठदाणीच्या चोरीचा. नावं कुणाचीच देत नाही, ती सवय सुटलेली नाही.

आमची लेक आयर्लंडमध्ये, डंडॉकला, सरकारी इस्पितळात डॉक्टर आहे. आमच्या घराण्यात कॉलेजचं तोंड पाहिलेला पहिला माणूस मी, आणि पहिली डॉक्टर माझी लेक. हे मी ओळख नसलेल्या माणसालाही सांगतो. २०२० च्या सुरुवातीला आम्ही नवराबायको तिच्याकडे गेलो आणि टाळेबंदीत जे अडकलो ते पुढच्या उन्हाळ्यापर्यंत.

शेजारी ऐंशीच्या घरातले एक गृहस्थ एकटे राहत. पत्नी वारलेली, मुलगा पार दक्षिणेला, रिंगास्किडीच्या औषध कारखान्यात. दोन्ही परसांच्या मध्ये कमरेएवढी भिंत. माझी बायको सांगलीकडची, इंग्रजीचा एक शब्द येत नाही, पण भिंतीवरून थालीपीठ जायचं आणि सोडा ब्रेड यायचा. ती त्यांना काका म्हणे, ते तिला 'मिसेस' म्हणत. दोघांचं उत्तम चाललं होतं.

खबर तिनेच आणली. २०२१ चा मार्च महिना होता.

"अवो, काकांनी आज गुलाबाची कुंडी दिली. काल ती तांबड्या देठाची भाजी मुळासकट दिली. माणूस झाडं वाटाय लागला म्हंजी घर सोडतोय."

माझ्या नोकरीत पगारी खबऱ्यांनी इतकी नेमकी बातमी क्वचित दिली. मी भिंतीपाशी गेलो.

"कुठे निघालात काय?" मी विचारलं.

"मुलाकडे. प्रवासबंदी उठली की न्यायला येतोय. घर भाड्याने देणार." मग त्यांनी कपाळावर बोट टेकवलं. "इथलं बिघडलंय म्हणतो माझं. असेलही. ग्रँड."

आयर्लंडमध्ये सगळं ठीक असलं तरी ग्रँड म्हणतात आणि काहीच ठीक नसलं तरी. काकांचा चेहरा पाहून मला यातलं कुठलं ते कळलं.

हळूहळू हकीकत बाहेर आली. तरुणपणी काका इंग्लंडमध्ये शेफिल्डला पोलादाच्या कारखान्यात भट्टीवर होते. कारखान्याच्या गल्लीत कोपऱ्यावर एक पब होता आणि बायको तिथे भेटली, असं ते सांगत. मुलाला वाटलं, वडिलांच्या वाढदिवसाला त्या पबचा फोटो द्यावा. ती सगळी वस्ती केव्हाच पाडली गेली आहे, गल्ल्यासुद्धा उरल्या नाहीत. पण तिथल्या जुन्या रहिवाशांचा एक ऑनलाइन गट आहे. कुठल्या पबात पियानो होता, कुठल्या मालकिणीचा कुत्रा चावरा होता, यावर ही म्हातारी मंडळी तासन्‌तास रंगतात. पबचं नाव काकांना ठाऊक नव्हतं, सगळे नुसतं 'कोपऱ्यावरचा' म्हणत; मुलाने तिथे रात्री पडदे ओढून चालणारा पब म्हणून चौकशी केली. असा पब कुणालाच आठवेना.

मुलाशी मी फोनवर बोललो. माणूस सरळ होता, काळजीत होता.

"डॅड म्हणतात, दिवे लागलेले, पडदे ओढलेले," तो म्हणाला. "लगेच म्हणतात, बाहेर दूधवाल्याच्या बाटल्या वाजत होत्या. रात्री दूधवाला कुठून येणार? आणि आई जन्मात पबमध्ये गेली नाही, तिला तिटकारा होता. बायको कुठे भेटली हे ज्याला धड आठवत नाही, त्याला गॅसपाशी एकटं कसं ठेवू, तुम्हीच सांगा."

मुद्दा बिनतोड होता. एका माणसाचं राहतं घर एका पाडलेल्या पबवर अडलं होतं.

"बाबा, प्लीज," लेक म्हणाली, "तो त्यांचा फॅमिली मॅटर आहे. त्या अंकलना इंटरोगेट करू नका."

"इंटरोगेट नाही गं, विचारपूस."

"तुमची विचारपूस मी दहावीत असताना बघितलीय."

तरी मी केलीच. काकांकडून तीच हकीकत तीन वेगवेगळ्या दिवशी वदवली, एकदा तर शेवटाकडून सुरुवातीकडे. खोटं बोलणारा दर वेळी पाठ केल्यासारखं तेच सांगतो. विसरलेला माणूस दर वेळी वेगळं सांगतो. काकांचं मूळ तसंच राही आणि दर वेळी एखादी बारीक गोष्ट नव्याने निघे. खरा साक्षीदार असाच असतो.

त्यातली एक गोष्ट मिठाची. भट्टीपुढे घाम गाळून आलेले कामगार बिअरमध्ये मीठ टाकून पीत. पण कोपऱ्यावरच्या या पबात बारवरची मीठदाणी कधी जागेवर नसायची. मालक म्हणायचा, आत स्वयंपाकघरात बघ. आत दोन नर्स चहा-अंडं घेत बसलेल्या असत आणि मीठदाणी त्यांच्या पुढ्यात. एक खुसुखुसु हसायची. दुसरी मान वर न करता मीठदाणी पुढे सरकवायची. ही दुसरी म्हणजे पुढे काकांची बायको.

"म्हणजे त्या पबमध्ये येत नव्हत्या?"

"छे. मागच्या दाराने, स्वयंपाकघरात. मालकीण त्यांना खायला द्यायची."

"हे मुलाला सांगितलंत?"

"त्याने विचारलं, पबमध्ये भेटलात का. मी हो म्हणालो."

चला, एक गाठ सुटली. उरले दिवे आणि दूधवाला. किती वाजता जायचात, असं विचारलं की काका दर वेळी एकच उत्तर देत, "काम सुटल्यावर." आणि नजर गुलाबाकडे वळवत. काहीतरी दाबून ठेवलंय एवढं कळत होतं.

मग एका रविवारी सकाळी आठला लेक रात्रपाळी करून आली. तिने खिडकीचे पडदे ओढले, दिवा लावला आणि पिठलं-भाकरी घेऊन बसली. बाहेर कचऱ्याची गाडी डबे आपटत चालली होती. जेवून ती "गुड नाइट" म्हणाली.

"ह्या पोरीची रात आत्ता सुरू झाली बघा," बायको म्हणाली.

माझ्या हातात सकाळचा चहा होता. मी दिव्याकडे पाहिलं, पडद्याच्या फटीतल्या उन्हाकडे पाहिलं, कप ठेवला आणि अनवाणीच परसात गेलो. काका कोंब फुटलेल्या बटाट्यांना माती लावत होते.

"तुम्ही रात्रपाळीला होतात?"

"अर्थात. भट्टी काय रात्री झोपते?"

"आणि पब सकाळी उघडा असायचा?"

काकांनी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "उघडा नाही. पुढचं दार बंद, पडदे ओढलेले. त्या वेळेला दारू विकायची परवानगी नव्हती मालकाला. तुम्ही पोलिसातले, म्हणून बोललो नाही."

माझी हद्द तिथून सात समुद्र पलीकडे, मालक केव्हाच देवाघरी गेलेला, पब जमीनदोस्त. तरी हा गृहस्थ माझ्यापासून गुन्हा लपवत होता.

"अहो, मुलाला तरी सांगायचं."

"तिचा नियम होता. बेकायदा काही मुलांच्या कानावर घालायचं नाही." मग ते जरा खुलले. "आमच्या भागातला हवालदारही आत असायचा. हेल्मेट मांडीवर घेऊन."

मी हसायला लागलो ते थांबेना. अर्धं शटर पाडून धंदा करणारे मी माझ्या हद्दीत कमी पाहिले नव्हते, आणि आत बसलेले हवालदारही.

मुलाने त्याच दिवशी गटात नवा प्रश्न टाकला. रात्रपाळीवाल्यांना सकाळी पडदे ओढून पाजणारा कोपऱ्यावरचा पब कुणाला आठवतो का? उत्तरांचा पाऊस पडला. कुणी मालकाच्या मिशा सांगितल्या, कुणी वडिलांना तिथून ओढून आणल्याचं सांगितलं. आणि एका बाईंनी लिहिलं, मी नर्स होते, रात्रपाळी करून मागच्या स्वयंपाकघरात न्याहारीला जायचे. मैत्रीण लग्न करून आयर्लंडला गेली आणि पत्ता हरवला.

व्हिडिओ कॉल ठरला. फोन भिंतीवर उभा केला. एका चौकोनात त्या बाई, दुसऱ्यात काकांचा मुलगा. काकांना मी बाजूला खुर्चीत बसवून ताकीद दिली की माझं संपेपर्यंत एक शब्द बोलायचा नाही. साक्षीदाराच्या कानावर दुसऱ्याचा जबाब पडता कामा नये. मिठाची गोष्ट मी तोवर कुणालाही, अगदी मुलालाही, सांगितली नव्हती.

"एक आयरिश कामगार स्वयंपाकघरात यायचा. कशासाठी?" मी विचारलं.

"मिठासाठी," बाई फटकन म्हणाल्या.

मुलगा सरळ होऊन बसला.

"का? बारवर मीठ नसायचं?"

"असायचं की." बाई खुसुखुसु हसल्या, तेव्हाही अशाच हसत असाव्यात; मग मुलाला म्हणाल्या, "आम्ही मागच्या दाराने शिरलो की तुझी आई मला म्हणायची, जा, घेऊन ये. मी हळूच बारवर हात घालून मीठदाणी उचलायची. मग ती समोर ठेवून अशी बसायची, जशी काही तिला त्याची खबरच नाही. मालक आमच्या कटात होता."

काका ताकीद विसरून उभे राहिले. "मला तर ती म्हणाली होती, मालक वेंधळा आहे," ते म्हणाले. "लग्नानंतरही म्हणायची." आणि टोपी काढून ते त्या फोनकडे बघत राहिले, डोळ्यांत पाणी आणि तोंडभर हसू.

मुलगा फोनच्या अगदी जवळ आला. मग म्हणाला, "डॅड, कुंड्या परत मागून घ्या."

मे महिन्यात प्रवासबंदी उठली तेव्हा तो आला, पण सामान हलवायला नाही. भर उन्हात काकांनी कपड्यांच्या दोरीवर जुना पडदा टांगला, दिवा लावला आणि पब उघडला. बापलेकांनी बिअर घेतली, मला लाल लेमनेड मिळालं. बायकोने उकडलेली अंडी भिंतीवरून दिली आणि गुलाबाची कुंडीही. तांबड्या देठाची भाजी मात्र तिने दिली नाही. त्या देठांची ती करायची ती चटणी काकांना फार आवडत होती.

नोकरीत मी मानत आलो की जबाबात दिवा आणि दूधवाला एकत्र आले की माणूस एक तर खोटा, नाही तर घोटाळलेला. आता कुणी नवा फौजदार भेटायला आला की त्याला सांगतो, आधी साक्षीदाराची पाळी विचार. त्याची रात्र तुझ्या सकाळी असू शकते. आणि लोक आपल्याला का सांगत नाहीत याचं कारण कधी कधी आपलीच वर्दी असते, उतरवल्यावरसुद्धा.

परसात पब उघडला त्या संध्याकाळी जेवायला बसलो तर माझ्या ताटाजवळ मीठ नव्हतं. इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं. मी हाक मारली. उठून आत गेलो. बायको ओट्याला टेकून उभी होती, पाठीमागे हात घेऊन.

"काय फौजदार," ती म्हणाली, "लागला का तपास?"