पाणी कोण कोण प्यायलं?

सिस्टरने दंडाला रबर बांधलं की मला चैत्रातला तो सप्ताह आठवतोच. निवृत्त होऊन पाच वर्षं झाली. मधुमेह नाही, रक्तदाब नाही, तरी दर उन्हाळ्यात मी ग्रामीण रुग्णालयाच्या बाकावर बसून तपासणीसाठी रक्त देऊन येतो. बायको म्हणते, "खाकी उतरली, पण ती केस काही तुमच्या अंगावरून उतरत नाही." खरं आहे तिचं. खुनाचे तपास केले, दरोड्याचे केले, त्यातले निम्मे आता आठवतही नाहीत. ही तर साधी भंगाराची चोरी होती. पण ती मला अजून स्वस्थ बसू देत नाही.

तेव्हा मी राहुरीच्या बाजूच्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. शनी अमावस्येचा शिंगणापूरचा बंदोबस्त नुकताच आटोपला होता. निम्मा स्टाफ रजेचे अर्ज घेऊन उभा, आणि त्यातच हद्दीतल्या तीन गावांत एकदम सप्ताह बसलेले. त्यातला कालव्यालगतच्या गावचा मोठा. त्याच्या दुसऱ्या दिवशी मी तिथला बंदोबस्त पाहून आलो. दर्शन घेतलं, पाणी प्यायलो, गाड्या रस्त्यापासून लांब लावायला सांगितल्या. स्टेशन डायरीत 'सर्व शांत' अशी नोंद केली.

सप्ताहाच्या चौथ्या दिवशी खबऱ्याचा फोन आला. हा स्वतः भंगाराच्या धंद्यातला, त्यामुळे त्याच्या निम्म्या खबरा पोटदुखीतूनच यायच्या. "सायेब, त्या बंद कंपनीतलं निळं ड्रम बाजारात आल्यात. निम्म्या भावात देतोय एक टेम्पोवाला. आमी काय माशा मारायच्या का?"

बंद कंपनी म्हणजे हद्दीच्या टोकाला असलेला एक छोटा कारखाना. पिकांवर फवारायच्या औषधांना लागणारं एक रसायन तिथे बनायचं. टाळं लागून दोन वर्षं झाली होती. मी जाऊन पाहिलं तर मागच्या बाजूची भिंत पडलेली, आणि रिकाम्या ड्रमांच्या थप्प्या उघड्यावर. जिथे ड्रम आडवे पडले होते तिथली माती पिवळट झालेली, तिच्यावर गवताची काडी नव्हती. वॉचमनने मोजून सांगितलं, चाळीस ड्रम कमी आहेत.

मला एकच गोष्ट खटकली. ज्याची शेळी चोरीला जाते तो सुद्धा दिवस उगवायच्या आत बोंबलत ठाण्यात येतो. इथे चाळीस ड्रम गेले आणि मालकाचा साधा फोन नाही. वॉचमनला जरा दरडावलं, तेव्हा तो म्हणाला, "मॅनेजरसायबांनीच सांगितलं हुतं. कोण नेत आसंल तर नेऊ दे, तू बगू नको. ते ड्रम टाकायला जागा न्हाई, नियमानं टाकायचं तर लई खर्च हाय." मी त्याचा जबाब तिथेच, पंचांसमोर लिहून घेतला.

पाचव्या दिवशी सकाळी टेम्पोवाला उचलला. चाळिशीचा माणूस, अंगावर एकही जुना गुन्हा नाही. असे लोक पहिल्या दरडावणीतच बोलतात. तो बोललाही. शिर्डी रस्त्यावरचे फुलवाले, दोन धाबे, सहा गोठे, कुठे किती ड्रम दिले ते घडाघडा सांगितलं. हिशेब तीसवर येऊन थांबला. "बाकीचे दहा?" विचारलं तर मान खाली. "आठवत न्हाई सायेब."

संध्याकाळपर्यंत तीस ड्रम मुद्देमाल म्हणून ठाण्याच्या आवारात आले. एका गोठ्यातला ड्रम न धुतलेलाच होता. तो उतरवताना तळाशी उरलेलं माझ्या हवालदाराच्या हातांवर सांडलं. त्याने पँटला हात पुसले आणि कामाला लागला. सकाळी तो उलट्या करतच ड्यूटीवर आला. बोटं बधिर झालीत म्हणाला. त्याला ग्रामीण रुग्णालयात नेलं.

तिथल्या डॉक्टर वयाने लहान, पण जिभेला धार. हवालदाराला सलाईन लावून त्यांनी मला बाजूला घेतलं. मी उत्साहाने सांगायला लागलो, आरोपी पकडला, तीस ड्रम जप्त केले.

"साहेब, तुमचे ड्रम तुम्ही मोजा. मला सांगा, त्यातलं पाणी कोण कोण प्यायलं?"

मग त्यांनी समजावून सांगितलं. धुतलं की वास जातो, पण रसायन प्लॅस्टिकमध्ये मुरलेलं राहतं आणि भरलेल्या पाण्यात थोडं थोडं उतरत राहतं. पिणाऱ्याला त्या दिवशी काही कळत नाही. महिन्यांनी हातपाय बधिर होतात, लिव्हर बिघडतं. "लवकर पाणी बंद झालं तर माणूस वाचवता येतो. पण कोण, कुठल्या ड्रमातलं, किती दिवस प्यायलं, हे मला माहीत पाहिजे. जप्त तीस ड्रमांतलं पाणी निदान बंद झालंय; धाबे, फुलवाले, गुरं नंतर बघू. ते दहा ड्रम कुठे आहेत?"

पोलिसाला तीनच याद्या ठाऊक: फिर्यादी, आरोपी, साक्षीदार. ही बाई चौथी यादी मागत होती, आणि मला त्या यादीतलं एकही नाव माहीत नव्हतं.

कोर्टाने दोन दिवसांची पोलीस कोठडी दिली होती. सहाव्या दिवशी दुपारभर मी टेम्पोवाल्यासमोर बसलो. तो ताकास तूर लागू देईना. विषाचं सांगितलं तर म्हणाला, "सायेब, मी सोडा घालून तीन-तीनदा धुतल्यात. आता त्यात काय न्हाई." पालथ्या घड्यावर पाणी. हात उचलावासा वाटला, खोटं कशाला बोलू? उचलला नाही. मुका मार देऊन दहा खोटे पत्ते मिळतात, एक खरा मिळत नाही.

मला आणखी एक चमत्कारिक वाटत होतं. माणूस कोठडीत आला की तासाभरात घरचं कोणीतरी भाकरीचा डबा घेऊन दारात उभं राहतं. याच्याकडे कोणी फिरकलं नाही. विचारलं तर म्हणाला, बायको माहेरी, आई देवळात. आणि हा माणूस ना वकील मागत होता, ना जामिनाचं बोलत होता. त्याचं एकच टुमणं: "सायेब, परवाच्या काल्याला सोडाल का?" रात्री ठाणे अंमलदाराला विचारलं, सकाळी चहा देणाऱ्याला विचारलं, मग मला विचारलं, "उद्या काला हाय सायेब."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. आपल्याकडे सप्ताहाला कोणी रिकाम्या हाताने जात नाही. कोणी पंगत देतो, कोणी साखर, कोणी बुंदी, ज्याला काहीच जमत नाही तो मांडवाचे दोर ओढतो. काल्याला, म्हणजे सप्ताहाच्या शेवटच्या दिवशी, माईकवर एकेकाचं नाव पुकारतात. ज्याचं नाव येत नाही तो वर्षभर पारावर जरा मागेच बसतो.

मी खुर्ची पुढे ओढली. "सप्ताहाला तू काय दिलंस?"

त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि हमसून रडायला लागला. "बाप गेला माजा मागल्या साली. जन्मात त्याचं नाव माईकवर आलं न्हाई, गरिबी हुती. पंचांनी सांगितलं, पान्याला ड्रम कमी पडत्यात. म्हनलं, आपून देऊ. पेंटरकडनं बापाचं नाव घातलं सायेब. तुमी ते ड्रम उचलून नेलं तर बापाचं नाव पंचनाम्यात येईल."

गाव कुठलं, ते विचारायची गरज नव्हती. मला पितळेचा तांब्या आठवला. दुसऱ्या दिवशी मी बंदोबस्ताला गेलो होतो, तेव्हा एक म्हातारी लगबगीने पुढे आली होती. निळ्या ड्रमातून तांब्या भरून म्हणाली होती, "आमच्या ह्यांच्या नावाचं पानी हाय सायबा, न्हाई म्हनू नका." मी दोन पेले प्यायलो होतो. थंड, गोड पाणी. त्या क्षणी मी गावासाठी नाही, स्वतःसाठी घाबरलो. हे लिहायला लाज वाटते, पण तसंच झालं.

डॉक्टरांना जीपमध्ये घेऊन दिवस मावळायच्या आत गावात पोहोचलो. मांडवात पारायण चाललं होतं. ड्रम एका ओळीत, प्रत्येकावर लाल अक्षरांत 'कै.' आणि पुढे टेम्पोवाल्याच्या बापाचं नाव. उद्या काल्याला आसपासची वीस गावं जेवायला येणार होती. आचाऱ्यांनी चुली मांडायला घेतल्या होत्या.

सप्ताह समितीचे अध्यक्ष हात जोडून म्हणाले, "साहेब, उद्याचा काला होऊ द्या, मग खुशाल न्या. सहा दिवस सगळं गाव हेच पाणी पितंय. कोणाला काही झालं का?"

"होईपर्यंत थांबू का मी?" असा ओरडलो की वाचणाऱ्यांचे आवाज थांबले. डॉक्टरांनी सरळ माईक हातात घेतला. घाबरवलं नाही, लपवलंही नाही. "या ड्रमांतलं पाणी आत्तापासून कोणी पिऊ नका. जे प्यायलेत त्यांची मला नावं हवीत. कोणावर गुन्हा नाही." शेवटचं वाक्य त्यांनी दोनदा सांगितलं. ते मला सुचलं नसतं.

आता यादी कुठून आणायची? सहा दिवस, शेकडो माणसं. मी कपाळाला हात लावून बसलो असताना माझी नजर देवळाच्या भिंतीवर गेली. तिथे पहाऱ्याचा तक्ता चिकटवलेला होता. सप्ताहात वीणा खाली ठेवत नाहीत. दिवसरात्र दोन-दोन तास कोणी वीणा घेऊन उभं राहायचं, त्यांची नावं घरवार लिहिलेली. ओळीतला शेवटचा ड्रम वीणेच्या शेजारीच होता. पारायणाला बसलेल्यांची नावं व्यासपीठावरच्या वहीत, बसण्याच्या जागेसकट. भाकरी कुठल्या वस्तीवरून कुठल्या दिवशी आल्या आणि वाढायला कोण होतं, तेही समितीकडे. गावाने देवासाठी जे लिहून ठेवलं होतं ते आम्ही वैद्यकीय कागदावर उतरवून घेतलं. कोण, कुठला ड्रम, किती दिवस. दोन दिवस माझे चार शिपाई घरोघर फिरत होते. हातात दंडुका नाही, तक्ता. काला झाला, पण टँकरच्या पाण्यावर.

वाटेवरचे जे येता-जाता पाणी पिऊन गेले ते मात्र कुठल्याच तक्त्यात नव्हते. त्यांचा विचार आला की अजून झोप उडते. असाच एक वाटेवरचा मला माहीत होता. यादीच्या तळाशी मी स्वतःचं नाव लिहिलं. पुढे लिहिलं, दोन पेले.

तांब्या देणारी ती म्हातारी म्हणजे टेम्पोवाल्याची आई. पारायणाला तिसऱ्या रांगेत बसलेली. सहाही दिवस तिने नवऱ्याच्या नावाच्या ड्रमाशिवाय दुसरं पाणी तोंडाला लावलं नव्हतं. पोरगा कोठडीत गेल्याचं कळूनही ती उठली नव्हती, कारण पारायण अर्ध्यावर सोडत नाहीत. मी तिच्यासमोर जमिनीवर बसलो आणि सगळं सांगितलं. तिने पोथीवर कापड झाकलं आणि ड्रमांकडे बोट केलं.

"पोरानं चोरलं, ते त्याचं पाप. पन सायबा, त्यात इख कुनी ठिवलं हुतं?"

वॉचमनचा जबाब माझ्या खिशात होता. मी मालकाला आणि मॅनेजरला आरोपी केलं, कलमं वाढवली. आमची गाडी पोहोचायच्या आत दोघांना अटकपूर्व जामीन मिळाला होता. प्रयोगशाळेचा अहवाल आमच्या बाजूने आला, तरी त्या खटल्याला आजही तारखाच पडताहेत. टेम्पोवाल्याला शिक्षा झाली, ती त्याने भोगली. तो चोर होताच, मी नाही म्हणत नाही. पण त्याने फक्त ड्रम चोरले होते.

हवालदाराची बोटं वर्षभरात सुधारली. म्हातारीची नाही. तव्यावरची भाकरी उलटताना तिला चटका लागलेला कळत नाही.

डॉक्टरांनी सांगितलं होतं, यादीतल्या प्रत्येकाची तपासणी दरवर्षी झाली पाहिजे. पहिल्या वर्षी लोक ट्रॅक्टर-ट्रॉली भरून आले. दुसऱ्या वर्षी बाक अर्धा रिकामा. "काय होतंय," असं म्हणायला लोकांना एक वर्ष पुरतं. तिसऱ्या वर्षी मात्र पुन्हा गर्दी. चौकशी केली तर कळलं, म्हातारी यादी घेऊन दारोदार फिरली होती. आपल्याकडे पंगत देणारा स्वतः घरोघर जाऊन आवतण देतो, तशी. मला म्हणाली, "माज्या घरचं पानी प्यालीत मानसं. बोलवायला मीच जायला पायजे न्हव का?" तीस वर्षांच्या नोकरीत जबाबदारी या शब्दावर वरिष्ठांची पुष्कळ भाषणं ऐकली. त्यातलं एकही मला आठवत नाही.

या वर्षी तिचे पाय उचलेनात. म्हणून यादी मीच घेतली आणि पहिलं आवतण तिच्याच दारात दिलं. ती खाटेवर बसून होती. पोराने टेम्पो दारात आणून लावला होता.

"सायबा, तुमचं रगात काडलं का?"

"अजून नाही, मावशी."

"मग चला की. आदी तुमचं काडू," असं म्हणून तिने उठण्यासाठी माझ्यापुढे हात केला. मी तो धरला. मी किती घट्ट धरलाय, ते तिला कळत नव्हतं.