फिटरच्या डबीचं झाकण

आमच्या समोरच्या दारात फिटर राहतो. नाव आहे त्याला, पण ते फक्त विजेच्या बिलावर. बाकी सगळी गल्ली त्याला फिटर म्हणते. रागावली की त्याची बायकोही फिटर म्हणते, आणि तो मुकाट्यानं ओ देतो. पस्तीस वर्षं त्यानं पाण्याचे पाइप जोडले. निवृत्त झाला, पण त्याचे हात काही निवृत्त व्हायला तयार नाहीत. कुठं टपटप ऐकू आली की गडी भरल्या ताटावरून उठतो. एकदा रक्तदाब तपासायला दवाखान्यात गेला आणि डॉक्टरांच्या बेसिनचा नळ आवळून परत आला. रक्तदाब राहूनच गेला.

त्याला एकच लेक. ती चष्म्याच्या दुकानात कामाला आहे. आठवडाभर लोकांना भिंतीवरची अक्षरं वाचायला लावते आणि सुट्टी जमली की पाठीवर सॅक टाकून डोंगरात जाते. सहा जणांचा गट आहे त्यांचा. तंबू, भांडी, शिधा सगळं पाठीवर, चार-चार दिवस चालायचं आणि मुक्कामाला पोचलं की विस्तव करायचा. त्या विस्तवावर जेवण, त्यावरच मोजे वाळवायचे. विस्तव पेटवायचं सामान कोणी द्यायचं, हा प्रश्न त्या घरात कधी पडलाच नव्हता. बाप देणार, लेक नेणार.

गेल्या वर्षी गटानं पहिल्यांदाच तिला पुढारी केलं. फिटरला तर काय करू आणि काय नको असं झालं. त्यानं दोन इंची पाइपचा वीतभर तुकडा कापला, दोन्ही टोकांना पेचाचे आटे पाडले, आत काड्या, घासायची पट्टी, मेणबत्तीचा तुकडा आणि लाकडाच्या सुक्या ढलप्या भरल्या. आट्यांवर टेपचे सात वेढे दिले, दोन्हीकडून लोखंडी टोप्या बसवल्या आणि पान्यानं आवळून टाकल्या. मला दाखवायला घेऊन आला तेव्हा मी म्हटलं, "अरे, ही समुद्राच्या तळाशी टाकलीस तरी कोरडी राहील." हे मी कौतुकानं म्हटलं होतं. आता आठवलं की जीभ चावतो.

पुढं काय झालं ते लेकीनंच सांगितलं. दुसऱ्या दिवशी दुपारपासून पावसानं झोडपलं. ओढा ओलांडताना दोघं घसरून गळ्यापर्यंत भिजले. मुक्कामाला पोचले तेव्हा एकाचीही बोटं ताब्यात नव्हती. तिनं पाइप काढला, टोपी फिरवायला गेली, टोपी ढिम्म हलेना. सहाही जणांनी पाळीपाळीनं जोर लावून पाहिला. गटात एक चित्रकलेचे सर आहेत, त्यांनी दात लावून पाहिले. तो दात म्हणे अजून तक्रार करतो. मग दगडावर आपटला. दगडाचा टवका उडाला, पाइपला ओरखडा नाही. शेवटी गार बिस्किटं खाऊन ओल्या कपड्यांनीच पडले. सकाळी सरांची हुडहुडी काही केल्या थांबेना, म्हणून सगळेच दोन दिवस आधी माघारी फिरले. पहिल्यांदा पुढारी झालेल्या पोरीवर ही वेळ.

घरी आल्यावर तिनं पाइप टेबलावर ठेवला. फिटरनं दोन पाने आणले, एक इकडं लावला, एक तिकडं, आणि दम लावून टोपी सोडवली. आत बोट घालून पाहिलं आणि खुशीत म्हणाला, "बघ. एक थेंब आत गेला नाही."

लेक म्हणाली, "नाही गेला, बाबा. आमचं बोटही नाही गेलं."

एवढं बोलून ती आंघोळीला निघून गेली. फिटर पाइप हातात धरून बसून राहिला.

यंदा गटानं पुन्हा तिलाच पुढारी केलं, आणि तिनं वाटही तीच निवडली. निघायला तीन आठवडे असताना जेवताना तिनं अगदी साध्या आवाजात सांगून टाकलं, की विस्तवाचं सामान ह्या वेळी मी दुकानातून आणते. ना भांडण, ना टोमणा. फिटर दुसऱ्या दिवशी माझ्याकडं आला आणि बराच वेळ आमच्या नळाकडं बघत बसला. नळ गळत नव्हता, तेव्हाच मी ओळखलं की प्रकरण गंभीर आहे.

"दादा," तो म्हणाला, "तिनं माझी डबी नको म्हटलं."

मी त्याला धीर द्यायला माझ्या शाळेची गोष्ट सांगितली. आमच्या गावची शाळा म्हणजे एक खोली आणि चार वर्ग. थंडीत खोलीतली शेगडी पेटवायची पाळी असायची. माझी पाळी आली की लाकडं हटकून ओली. एकदा काही पेटेना तेव्हा मी माझ्याच गणिताच्या वहीची पानं घातली. शेगडी मस्त पेटली. मास्तर हात शेकत म्हणाले, तुझ्या गणिताचा आज पहिल्यांदा कुणाला तरी उपयोग झाला. फिटर हसला नाही. पण उठताना म्हणाला, "म्हणजे तुम्हाला अनुभव आहे. उद्यापासून या."

अशी माझी नेमणूक झाली. त्यांच्या मागच्या गॅलरीत विस्तव पेटवायच्या सामानाची परीक्षा मांडली होती. एक पत्र्याचा ट्रे, त्यात मुद्दाम भिजवलेल्या काटक्या, वाऱ्यासाठी टेबलफॅन, पाण्याची बादली, आणि वेळ बघायला भिंतीवरचं घड्याळ मांडीवर घेऊन मी. नियम त्याचाच. प्रत्येक वस्तू आदल्या संध्याकाळी बादलीत टाकायची, सकाळी काढून ओल्या हातांनी, पंख्यासमोर, तीनदा पेटवायची. एकदा जरी हुकली तरी बाद.

साधी काडेपेटी पहिल्याच दिवशी लगदा होऊन निघाली. लायटरचं चाक भिजल्यावर ठिणगी देईना. अर्ध्या तासानं सुकल्यावर दिली. फ्रिजमध्ये गार करून पाहिला तर ज्योत उगवली ती तांदळाच्या दाण्याएवढी. हातात धरून ऊब दिली, की पुन्हा नीट जळायला लागला. फिटरनं निकाल दिला, की हा अंगालगतच्या खिशात ठेवला तर गुणाचा, सॅकमध्ये कोंबला तर रुसणारा.

मेणात बुडवलेल्या काड्यांचं काम त्यानं विश्वासानं माझ्यावर सोपवलं. मी घरी जाऊन पातेल्यात मेण वितळवलं आणि काम चोख व्हावं म्हणून अख्ख्या पेट्याच बुडवल्या. सकाळी फिटर काडी घासतोय, घासतोय, आणि काडी पट्टीवरच्या मेणावरून घसरगुंडी खेळतेय. त्यानं पेटी उलटसुलट करून पाहिली, मग माझ्याकडं पाहिलं.

"दादा, कितवीपर्यंत शिकलात म्हणालात?"

विस्तव पेटवायला दुकानात मिळतात त्या पांढऱ्या वड्या पेटल्या झकास, पण पाकीट एकदा फोडलं की दुसऱ्या दिवशी भुगा. सायकलच्या ट्यूबची पट्टी मात्र कशालाच बधली नाही. भिजलेली पेटली, वाऱ्यात पेटली, धो धो पाणी ओतलं तरी जळत राहिली. पण तिच्या धुरानं दोरीवरच्या दोन चादरी काळवंडल्या. वहिनी, म्हणजे फिटरची बायको, दारात येऊन उभ्या राहिल्या. मग चादरी काढून घेऊन गेल्या. ट्यूब बाद झाली.

जिंकल्या दोन गोष्टी. एक व्हॅसलीन चोळलेला कापूस आणि दुसरी चकमकीची कांडी. कांडी पाण्यातून काढायची, झटकायची, तिच्यासोबतच्या लोखंडी पट्टीनं खरवडायची, की ठिणग्यांचा पाऊस. कापसाचा बोळा बोटानं विसकटून तिच्याखाली धरला की पहिल्या-दुसऱ्या ठिणगीला पेट धरतो. एक बोळा माझ्या घड्याळानं साडेचार मिनिटं जळला, तेवढ्यात ओल्या काटक्यांनी वाफा सोडल्या आणि पेट घेतला. बोळा पाण्यात बुडवून, झटकून, परत लावला. तरी तेच. फिटरनं माझ्या पाठीवर अशी थाप मारली की घड्याळ पडता पडता वाचलं.

मग त्यानं एक नवीन डबी आणली. ह्या वेळी पाइप नाही हं, आटे असलेली साधी, तळहातात मावणारी पत्र्याची डबी. बोळे भरले, कांडी आणि तिची पट्टी ठेवली, झाकण लावलं आणि बोलता बोलता त्याच्या मनगटानं शेवटचा एक हिसका दिला. त्याला कळलंही नाही. वहिनी टेबल पुसायला आल्या, त्यांनी डबी उचलली, उघडून पाहायला गेल्या. त्यांच्या बोटांचे सांधे दुखतात, बरीच वर्षं. त्यांनी एकदा फिरवून पाहिलं आणि डबी खाली ठेवली.

"नाही उघडत," त्या म्हणाल्या.

"तुझ्या हातात जोर नाही," फिटर म्हणाला.

वहिनी खुर्ची ओढून बसल्या. मी त्या घरात इतकी वर्षं जातोय, त्या बसून बोलल्याचं मला फारसं आठवत नाही. त्यांचं सगळं बोलणं चालता चालता.

"तीस वर्षं तुम्ही ह्या घरातली प्रत्येक बरणी आवळताय. साखरेची, मिठाची, माझ्या मलमाची. आणि तुम्ही घराबाहेर पडलात की मी ती घेऊन समोर दादांकडं जाते. विचारा त्यांना."

फिटर माझ्याकडं वळला. आता ह्यात लपवण्यासारखं काय होतं? आठवड्याला दोन-तीन बरण्या मी उघडून देत आलोय. झाकणाच्या कडेला चमचा घातला की होतं काम. मी तसं सांगितलं. फिटरचा चेहरा असा झाला, जणू कुणी त्याला सांगावं की तू जोडलेला प्रत्येक नळ तीस वर्षं उलटा फिरतोय.

"मला का नाही बोललीस?"

"तुम्ही इतक्या प्रेमानं आवळता," वहिनी म्हणाल्या, "कसं बोलणार? पण माझी बोटं रोज असतात तशी डोंगरात पोरीची होतात. माझ्यानं उघडेल तेच तिला द्या."

फिटरनं डबी उघडली आणि झाकणासकट वहिनींपुढं सरकवली. "तू लाव."

त्यांनी लावली. त्याला ते झाकण लावल्यासारखं वाटतच नव्हतं. हात शिवशिवत होता बिचाऱ्याचा, शेवटी दोन्ही हात बगलेत दाबून बसला. डबी बादलीत गेली. सकाळी काढली तर आत कडेला चांगलं चमचाभर पाणी.

"गळतीय," फिटर म्हणाला. एखाद्यानं घरात साप आहे म्हणावं, तसं.

मला काय सुचलं कोण जाणे, मी म्हटलं, "मग गळू दे की. तू निवडलेल्या दोन्ही वस्तू पाण्याला भीक घालत नाहीत. काड्या होत्या तेव्हा डबी आवळायला लागत होती. आता कशाला आवळतोस?"

त्यानं त्या चमचाभर पाण्यातला बोळा काढला, झटकला, विसकटला, आणि ठिणगी पाडली. पेटला. त्यानं दुसरा घेतला. तोही पेटला. असे पाच पेटवले. मग आत जाऊन वहिनींना म्हणाला, "झाकण तूच लावायचं. मी हात लावणार नाही." त्या म्हणाल्या, "बघू किती दिवस."

निघायच्या आदल्या दिवशी त्यानं डबी लेकीपुढं ठेवली, आणि घे असं काही म्हणाला नाही. नुसता बाजूला उभा राहिला. लेक आमच्या सगळ्यांपेक्षा हुशार. ती आत गेली, दोन्ही हात बर्फाच्या पाण्यात बुडवून आली, लाल लाल बोटं घेऊन. डोळे मिटले आणि डाव्या हातानं झाकण फिरवलं. झाकण निघालं. तिनं कांडी चाचपून काढली, बोळा विसकटला, खाली ट्रे होताच. पहिली ठिणगी वाया गेली, दुसरी वाया गेली. फिटरचा श्वास मला ऐकू येत होता. तिसरीला बोळ्यानं पेट धरला.

"लायटरपण नेणार आहे," ती म्हणाली.

"ने की. आतल्या खिशात ठेव."

"आणि झाकण कुणी लावायचं?"

"आईनं," फिटर म्हणाला.

तिनं आईकडं पाहिलं, बापाकडं पाहिलं, आणि डबी सॅकच्या वरच्या कप्प्यात टाकली. ह्यापुढचे चार दिवस फिटर जेवला, झोपला, बोलला, सगळं केलं. फक्त मधूनच आकाशाकडं बघायचा आणि ढगाला नापास केल्यासारखा चेहरा करायचा.

पाचव्या दिवशी दुपारी लेक आली, चिखलानं माखलेली आणि पूर्ण वाट चालून. पाऊस दोनदा लागला होता. दुसऱ्या मुक्कामाला लायटरनं मान टाकली, तेव्हा तिनं डबी चित्रकलेच्या सरांच्या हातात दिली. गटात सगळ्यात गारठलेला माणूस तोच होता, त्याच्यानं झालं तर कुणाच्याही हातून होईल, असा तिचा हिशोब. सरांनी उघडली, सरांनीच पेटवली, आणि मग त्या विस्तवापाशी दुसऱ्या कुणाला तासभर फिरकू दिलं नाही. गटानं पुढच्या वर्षीची लांबची वाटही ठरवून टाकली. पुढारी हीच.

संध्याकाळी फिटर माझ्याकडं आला, तक्रार घेऊन. म्हणाला, डबीत तीनच बोळे उरलेत, भरून ठेवतो म्हणून मागितली तर देत नाही. म्हणते, राहू दे बाबा, कापसाला किती चोळायचं ते दाखवा, माझी मी भरीन.

"मग दाखवलंस का?"

"दाखवतोय की," तो म्हणाला. "व्हॅसलीन संपलं, म्हणून तुमच्याकडं आलो."