थांबाबाईंची काठी

माझ्या शिवणकामाच्या दुकानासमोर उड्डाणपुलाचं काम सुरू झालं तेव्हा सगळ्या गल्लीने धुळीच्या नावाने बोटं मोडली. मीही मोडली, पण ती आपली चारचौघांत दाखवायला. दिवसभर कॉलर आणि बाह्या जोडून मान आखडलेल्या बाईला दारातच रोज नवीन काहीतरी बघायला मिळत असेल, तर ती धुळीला कशाला कंटाळेल? दुसऱ्याच्या भानगडीत नाक खुपसायची मला सवयच आहे. नवरा म्हणतो, तुझ्या सुईपेक्षा तुझं नाक टोकदार. म्हणू दे बापडा.

पुलाच्या खांबांसाठी पत्रे लावून निम्म्याहून जास्त रस्ता बंद केला होता. उरली होती एक चिंचोळी पट्टी. तिच्यातून एका वेळी एकाच बाजूच्या गाड्या जायच्या आणि मध्ये वळण असल्यामुळे या टोकाला त्या टोकाचं काही दिसायचं नाही. आमच्या टोकाला गाड्या अडवायला एक बाई उभ्या असायच्या. पन्नाशीच्या, किडकिडीत, अंगात चमकत्या पट्ट्यांचं जाकीट, हातात दांडा लावलेली गोल पाटी. पाटीच्या एका अंगाला लाल रंगात ‘थांबा’, दुसऱ्या अंगाला हिरव्या रंगात ‘जा’. गल्लीने त्यांना थांबाबाई म्हणायला सुरुवात केली आणि त्यांनीही कधी खरं नाव सांगायचा आग्रह धरला नाही.

मला चैन पडू देत नव्हती ती त्यांची काठी. आपल्या बाजूच्या पुरेशा गाड्या सोडून झाल्या की बाई एखाद्या गाडीला हात करायच्या, चालवणाऱ्याच्या हातात एक आखूड, पिवळी रंगवलेली काठी द्यायच्या आणि मागच्यांना थांबा दाखवायच्या. ती काठी पलीकडच्या माणसाच्या हातात पडली की त्याला कळायचं, ही शेवटची गाडी, आता रस्ता मोकळा. मग तो त्याच्याकडच्या गाड्या सोडायचा आणि त्याच्या शेवटच्या गाडीबरोबर काठी परत यायची.

पद्धत चोख होती. पण बाईंच्या कमरेला चांगला वॉकीटॉकी लटकत होता! बटण दाबून ‘शेवटची निळी गाडी’ एवढं म्हटलं असतं की काम झालं असतं. मग हा काठीचा उपद्व्याप कशाला? मी दोन दिवस कसाबसा दम धरला, तिसऱ्या दिवशी गेलेच.

“बाई, तो कमरेचा डबा बिघडलाय का?”

“चालू आहे.”

“मग?”

“काठी बरी पडते,” म्हणाल्या आणि तोंड फिरवून पाटी धरून उभ्या राहिल्या. मला असं कोणी उडवून लावलं की माझं कुतूहल दुप्पट होतं.

मी मग दारात मशीन ओढून बसायला लागले. काठी कोणाला द्यायची हे बाई कसं ठरवतात, ते बघण्यात माझ्या कितीतरी बाह्या उलट्या जोडल्या गेल्या. फोन कानाला लावलेल्याला त्या काठी देत नसत. ऐकून घ्यायच्या आधीच ‘हो हो’ म्हणणाऱ्याला तर मुळीच नाही. जोडीने भांडत निघालेल्यांना एकदा दिली, तेव्हा मला आश्चर्य वाटलं. तर म्हणाल्या, “भांडणारी माणसं कुठे थांबत नाहीत हो, घरी पोचायची घाई असते.” प्रत्येकाला त्या विचारायच्या, “थेट पलीकडेच जाणार ना? मध्ये थांबणार नाही ना?” आणि पलीकडून काठी घेऊन आलेल्याला, अगदी सहज विचारल्यासारखं, “तिकडे ऊन फार आहे का? तो माणूस सावलीत उभा आहे ना?”

माझे कान टवकारले. सावलीची चौकशी कोण उगाच करतं?

एक दिवस मला पलीकडच्या दुकानातून अस्तराचं कापड आणायचं होतं. स्कूटर घेऊन निघाले तर थांबाबाईंनी मलाच हात केला. नेहमीचा प्रश्न विचारून काठी दिली आणि बजावलं, “हातातच द्या. खाली ठेवून येऊ नका.” बक्षीस समारंभात नाव पुकारल्यासारखी मी ताठ बसून निघाले. पत्र्यांच्या मधून जाताना मध्येच तीन-चार घरं लागली, पुलाच्या कामात अडकून पडलेली. एका अंगणात एक आजी वाळत घातलेल्या चादरीवरची धूळ झटकत होत्या.

पलीकडे चाळिशीचा, जाड भुवयांचा एक माणूस उभा होता. त्याने काठी घेतली, इकडेतिकडे बघितलं आणि हळूच विचारलं, “वहिनींनी डबा खाल्ला का आज?”

“कोण वहिनी?”

“त्याच. तुम्हाला काठी दिली त्या.”

मी स्कूटर बंद करून बाजूला लावली. अस्तर कुठे पळून जात नव्हतं.

थांबाबाईंचे हे धाकटे दीर, म्हणजे भावजी, तसे बोलके निघाले, किंवा त्यांना कोणी विचारणारं भेटलं नव्हतं. गाड्या सोडता सोडता त्यांनी सगळं सांगितलं. त्यांचा थोरला भाऊ, म्हणजे थांबाबाईंचा नवरा, याच मुकादमाकडे रस्त्याचा रोलर चालवायचा. तो आजारी पडला, हॉस्पिटलात ठेवला. थांबाबाई कितीतरी दिवस त्याच्या खाटेशेजारी खुर्चीत बसून. शेवटी एका दुपारी भावजींनी त्यांना बळेबळे घरी पाठवलं, जरा पाठ टेका म्हणून. त्याच दुपारी भावाची तब्येत ढासळली. घर जवळच होतं, पण भावजींनी वहिनींना बोलावलं नाही. त्या उठून डबा घेऊन आल्या तोवर सगळं संपलं होतं. “मला उठवलं का नाही?” एवढंच त्यांनी विचारलं, उत्तर ऐकायलाही थांबल्या नाहीत. तेव्हापासून दोघांत एक शब्द नाही. मुकादमाने जुनी ओळख धरून दोघांना कामावर घेतलं, तर बोलायला लागू नये म्हणून ही काठी मध्ये आली.

“पण खरंच, का नाही उठवलंत?” मी विचारलं. भीड माझ्या स्वभावात नाही.

“ते वहिनींना सांगायचंय,” ते म्हणाले. “दुसऱ्या कोणाला नाही.”

“मग सांगा ना! कमरेला यंत्र बांधलंय ते शोभेला का?”

“त्यांनी विचारल्याशिवाय कसं सांगू? माझा आवाज आला की त्या बंद करून टाकतील. आणि आता दिवसही राहिले नाहीत. इथलं खांबांचं काम होत आलंय. मुकादमाने सांगून ठेवलंय, काठीचे लाड मी चालू देतोय, पण एकदा जरी रस्ता तुंबला तर त्याच दिवशी दोघांना दोन वेगळ्या गावांच्या साईटवर पाठवीन. मग राहिलंच ते.”

परत आल्यावर मी थांबाबाईंना मुद्दाम म्हटलं, “भावजी तुमच्या डब्याचं विचारत होते.” त्यांनी माझ्या पिशवीकडे बघितलं. “अस्तर आणलंत ना? मग शिवायला बसा.” मला राग आला, हसूही आलं, आणि त्या दोघांची इतकी कीव आली की त्या दिवशी हातून धड एक काज झालं नाही.

आणि मग रस्ता तुंबला.

झालं असं की काठी द्यायची वेळ आली तेव्हा समोर पाणीवाल्याचा टेम्पो आला. घरोघरी पाण्याचे जार पोचवणारा हा माणूस थांबाबाईंच्या पूर्ण विश्वासातला. कधी खोटं बोलत नाही, कधी पुढे घुसत नाही. त्यामुळे त्याला त्यांनी नेहमीचा प्रश्न विचारलाच नाही. काठी दिली, पाटी फिरवली. आता जार पोचवणाऱ्याला प्रत्येक दारात थांबावं लागतं, हे काय सांगायला हवं? पण ओळखीच्या माणसाच्या बाबतीत ते कोणाच्या डोक्यात येतं? तो मधल्या आजींच्या अंगणात टेम्पो घालून आत गेला, काठी पुढच्या सीटवर.

पट्टी पूर्ण रिकामी, आणि दोन्ही टोकांना गाड्या उभ्या. भावजी काठीची वाट बघतायत, थांबाबाई पलीकडच्या गाड्यांची. रांग माझ्या दुकानाच्या पुढे गेली, मग कोपऱ्याच्याही पुढे. हॉर्नची बोंबाबोंब सुरू झाली. एक गृहस्थ गाडीतून उतरून “अहो बाई, रस्ता रिकामा दिसतोय की!” म्हणून हातवारे करायला लागले. त्यांना वळणापलीकडचं काय दिसणार, कपाळ? थांबाबाईंनी पाटी हलवली नाही. मी कात्री हातात घेऊनच बाहेर आले.

“बाई, विचारा. आता तरी विचारा.”

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मला वाटलं, आता पाटीच माझ्या डोक्यात बसते. मग त्यांनी कमरेचा वॉकीटॉकी काढला आणि बटण दाबलं.

“भावजी. काठी आली का?”

नुसती खरखर झाली. मग आवाज आला, “नाही आली वहिनी.”

“सगळ्या गाड्या आल्या आणि काठी नाही आली, तर मला सांगायला काय झालं होतं?”

“तुम्ही तरी कुठे विचारलंत?”

थांबाबाईंचा चेहरा उतरला. मागे हॉर्न चालूच होते.

“मी विचारलं होतं,” त्या म्हणाल्या. “त्या दिवशी विचारलं होतं मी तुम्हाला.”

“उत्तराला थांबला नाहीत.”

“आता थांबलेय. बोला.”

पुन्हा खरखर. हातवारे करणारे गृहस्थही ऐकायला जवळ सरकले.

“दादाच म्हणाला,” भावजींचा आवाज आला. “शेवटी त्याला कळलं होतं. म्हणाला, ती झोपली असेल तर उठवू नकोस, किती दिवसांनी झोपलीय. मी दोनदा उठलो वहिनी. त्याने माझा हात सोडला नाही.”

थांबाबाईंनी पाटीच्या दांड्यावर कपाळ टेकवलं. मग त्यांनी बटण दाबलं.

“मग एवढे दिवस हे पोटात का ठेवलंत?”

“गेलेल्या माणसावर कसं ढकलू? तुम्ही माझ्यावर रागावलात ते चाललं. त्याच्यावर रागावला असतात तर ते मला बघवलं नसतं.”

तेवढ्यात तिसराच घोगरा आवाज आला. मुकादमाचा. साईटवरच्या सगळ्यांचे वॉकीटॉकी एकाच वाहिनीवर होते, म्हणजे हे सगळं त्यानेही ऐकलं होतं. “टेम्पोतली काठी माझ्या हातात आहे,” तो म्हणाला. “तुमचा पाणीवाला आजीबाईंचा दिवा बदलत बसलाय. रस्ता मोकळा आहे, गाड्या सोडा. आणि उद्यापासून काठी बंद, तोंडाने बोलायचं. साईट बदलायचं मी नंतर बघतो.” त्याने खाकरून घसा साफ केला आणि त्याचा आवाज गेला.

थांबाबाईंनी जाकिटाच्या बाहीने डोळे पुसले. आमच्या बाजूची रांग जास्त लांब होती, हॉर्नही आमचेच जास्त होते. तरी त्या म्हणाल्या, “तुमच्या बाजूच्या आधी सोडा भावजी.”

वळणावरून एकामागून एक गाड्या यायला लागल्या. त्या लाल पाटी धरून उभ्या होत्या आणि वॉकीटॉकी तोंडाशी तसाच होता.

“आणखी काय म्हणाले होते ते?” त्यांनी विचारलं.

“सांगतो वहिनी, सगळं सांगतो,” भावजी म्हणाले. “शेवटची लाल गाडी सोडलीय. ती आधी पोचू द्या तुमच्याकडे.”