नायटा, टॉवेल आणि कबड्डीची फायनल

डिसेंबरचा दुसरा शुक्रवार. सकाळी धुकं, दहानंतर ऊन, संध्याकाळी खाडीकडून गार वारा.

कॉलेजच्या जिमखान्यात किस्से शोधावे लागत नाहीत. मुलांच्या मोज्यांसारखे कोपऱ्यात साठत जातात, कुणी उचलले नाहीत तर वास मारतात! माझं काम प्रथमोपचाराची खोली सांभाळण्याचं. शिक्षण कॉमर्सचं, पट्टी बांधायला बघून बघून शिकलो. यंदा प्रिन्सिला मॅडम फिजिओ म्हणून आल्या आणि स्वच्छतेचे नियम घेऊन आल्या. तेव्हापासून तर साठा फारच वाढलाय.

*

पहिला नियम पाण्याचा. कबड्डीच्या सगळ्या संघाला एकच बाटली असायची. मॅडमनी प्रत्येकाला नाव घातलेली वेगळी बाटली दिली.

दुसऱ्या दिवशी गास गावचा सेल्विन सगळ्यांच्या बाटल्यांतून आळीपाळीने पाणी पिताना सापडला.

"सेल्विन, काय सांगितलं होतं?"

"दुसऱ्याची बाटली तोंडाला लावायची नाही, मॅडम. मी वरून पितोय!"

"आणि तुझी बाटली?"

"ती भरलेली राहू दे ना. घरी न्यायला!"

*

मग कॅप्टन निनादच्या दंडावर नायटा निघाला. निनाद अर्नाळ्याचा, वडिलांची मासेमारीची बोट आहे. कॉलेजचं शेवटचं वर्ष. गेल्या वर्षी घोटा मुरगळल्यामुळे त्याने फायनल बाकावर बसून पाहिली होती. यंदा फायनलच्या आधी डॉक्टर प्रत्येकाची त्वचा तपासणार होते. नायटा दिसला की खेळाडू बाहेर!

आमचे कोच म्हात्रे सर म्हणाले, "नायटा म्हणजे कबड्डीपटूचा दागिना. एवढं काय त्यात?"

निनाद म्हणाला, "मॅडम, आमच्याकडे खारं पानी लावलं की सगळं मरतं."

"मग अर्नाळ्याला डॉक्टर कशाला येतात?"

"मच्छी घ्यायला!"

मॅडमनी मलम हातात ठेवलं आणि जागा कोरडी ठेवायला सांगितलं. खेळायचं म्हणून निनादने ऐकलं.

*

मध्येच सेल्विनचा पाय लचकला आणि आमचा फ्रीज नेमका बंद. निनाद धावत जाऊन थर्माकोलच्या खोक्यातून बर्फ घेऊन आला. मॅडमनी झाकण उघडलं आणि नाक दाबलं.

"हा बर्फ आधी कुणासाठी होता?"

"सुरमईसाठी. पन तिला काय त्रास झाला नव्हता, मॅडम!"

बर्फ परत गेला. पण तोवर थोडा पायाला लागला होता. सेल्विन दोन दिवसांत चालायला लागला. मागून कँटीनचं मांजरही.

*

निनादचा नायटा सुकला, तोवर दोन राखीव गड्यांना निघाला. हा येतो कुठून, म्हणून मॅडमनी शोध घेतला आणि टॉवेल सापडला.

आमच्या संघाची रीत अशी: सामना जिंकला की एकाच टॉवेलने सगळ्यांनी तोंड पुसायचं. पहिला मान सरांचा, मग कॅप्टन, मग बाकीचे. आणि हरेपर्यंत तो धुवायचा नाही, नशीब धुतलं जातं!

"शेवटचा कधी धुतला?" मॅडमनी विचारलं.

सर अभिमानाने म्हणाले, "गणपतीच्या आधी. तेव्हापासून हरलोच नाही!"

मॅडमनी टॉवेल चिमट्याने उचलून उकळत्या पाण्यात टाकला. संघ भोवती मयताला उभं राहावं तसा उभा. सेल्विनने छातीवर क्रुसाची खूण केली.

"आता हरलो तर?" सरांनी विचारलं.

"तर तोंड पुसायला स्वच्छ टॉवेल आहे, सर."

*

आज फायनल होती. डॉक्टरांनी निनादचा दंड उजेडात धरून दोनदा पाहिला. फिकट डाग तेवढा उरला होता.

"बरा झालाय. खेळू दे."

सर आनंदाने पुढे धावले. थंडीचं निमित्त करून ते आठवडाभर उजवा हात खिशात घालून फिरत होते. पाठ थोपटायला तो बाहेर आला. पंजावर हे मोठं लाल कडं!

"सर, हे काय?" डॉक्टरांनी विचारलं.

"दागिना!" मागून सेल्विन म्हणाला.

"अहो, मी कुठे खेळतोय?"

"म्हणूनच बसू देतोय. पण मुलांना हात लावायचा नाही."

प्रत्येक चढाईआधी पाठीत धपाटा घालणारे आमचे सर दोन्ही हात मांड्यांखाली दाबून खुर्चीवर बसले. शेवटच्या चढाईला गुण सारखे होते. निनाद सवयीने सरांकडे पाठ करून उभा राहिला. सर अर्धे उठले.

"सर, लांबून!" निनाद ओरडला.

सर बसले. निनाद गेला, कोपऱ्यातल्या गड्याला पायाने शिवला आणि परत आला.

चषक घ्यायला सरांना बोलावलं. सरांनी हात पाठीमागे नेले. प्रिन्सिला मॅडमनी पर्समधून निळे हातमोजे काढून पुढे केले. सरांनी ते घातले, चषक उचलला आणि फोटोला उभे राहिले.

आम्ही चौतीस, समोरचे तेहतीस.