टाकीतून आलेली ओ

माझा स्वभाव याद्या करण्याचा. पूर्वी एका कंपनीत स्टोअर सांभाळायचो. जे रजिस्टरात नाही ते नाहीच, हा तिथला नियम मी भुताखेतांनाही लावत आलो. कोणी असले किस्से सांगायला लागलं की मी उठून चहा टाकायला जायचो. त्यामुळे आज स्वतःच लिहायला बसलोय याचं मलाही नवल वाटतंय...

नव्वदीच्या सुरुवातीची वर्षं. नोकरी सोडून मी सेंट्रिंगची कामं घ्यायला लागलो होतो — म्हणजे स्लॅब भरण्याआधी खालून फळ्या आणि टेकू लावायचे, काँक्रीट पक्कं झालं की काढून घ्यायचे. राहायला भाईंदर पश्चिमेला, कामं मीरा रोडला. भागीदार वसंत, जवळच्याच चेणे गावचा. घरची भातशेती सोडून या धंद्यात आलेला. माल आणि माणसं मी बघायचो, हातोडा त्याचा.

मीरा रोडलाच पूनम सागर कॉम्प्लेक्सच्या बाजूला एका नव्या बिल्डिंगच्या जमिनीखालच्या पाण्याच्या टाकीचं काँक्रीट आम्ही भरलं होतं. स्लॅब पक्का झाला, आता आतल्या फळ्या काढायच्या होत्या. टाकीला एकच तोंड, जेमतेम एक माणूस जाईल एवढं.

"शेट, मीच उतरतो," वसंत म्हणाला. "तुझा पोट अडकला तर बिल्डरला टाकी फोडायला लागंल."

"आधी तुझी मिशी आत जाते का बघ," मी म्हटलं.

खाली उतरण्याच्या कामाचा आमचा एक कायदा होता. वरच्याने हाळी द्यायची, खालच्याने ओ द्यायची. ओ आली नाही की वरच्याने हातातलं सगळं टाकायचं. जुन्या विहिरीत उतरताना आम्ही आधी कंदील सोडून बघायचो. पण ही कोरी टाकी... गाळ नाही, पाणी नाही. हिच्यात काय असणार, असं दोघांनाही वाटलं. वसंत बॅटरी घेऊन शिडीने उतरला आणि मी तोंडाशी बसलो. भर दुपारचं ऊन होतं, आत नुसता काळोख दिसत होता; बॅटरी घेऊन तो आतल्या कोपऱ्यात गेला असेल, असं मी धरलं.

"वसंता!"

"ओ!"

"निघतायत का फळ्या?"

"निघतात रं. घाई नको करू."

हातोड्याचे ठोके येत होते. मधेच फळी पडल्याचा आवाज. पण तोंडातून कुबट, आंबूस वास येत होता, तो मला बरा वाटला नाही.

"वास कसला येतोय? थांब, मीपण येतो."

"उतरू नको."

मी शिडीवर एक पाय ठेवला.

"न्हाय सांगितला ना! पाय काढ वर!"

इतक्या वर्षांत वसंत माझ्यावर असा कधी ओरडला नव्हता. मला राग आला. बस म्हटलं एकटा, आणि पाय काढून घेतला. शेजारी स्लॅबवर पाणी मारणारा वॉचमन हसला. "क्या साहब, आज वसंतभाई मालिक हो गये क्या?"

पुढेही ठोके चालू होते. हाक मारली की ओ येत होती. मग एका हाकेला आली नाही. दुसरीलाही नाही.

वॉचमनने झोपडीतून दाढीचा आरसा आणला आणि उन्हाचा कवडसा आत टाकला. वसंत शिडीच्या पायथ्याशीच भिंतीला कलंडून पडला होता. मी कमरेला दोर बांधायला लागलो, तर वॉचमनने मागून मिठी मारून धरलं. "एक गया, आप भी जाओगे?" शेवटी बंबवाल्यांनी मास्क लावून त्याला वर काढलं.

हातोडा त्याच्या कमरेला खोचलेलाच होता. आतली एकही फळी निघालेली नव्हती. बंबवाल्यांकडून बॅटरी घेऊन मी वरून पुन्हा पुन्हा पाहिलं — सगळ्या जागच्या जागी, खाली जमीन मोकळी.

डॉक्टर म्हणाले, बंद टाकीत ओल्या लाकडाने हवा खराब होते. उतरल्याबरोबर शुद्ध गेली असणार. "लगेच कोणाला कळलं असतं तर..." असं म्हणत ते कागद भरायला लागले.

लगेच? मी तर तोंडाशीच बसलो होतो!

टाकीत आवाज घुमतो हे मला माहीत आहे. पण घुमणारा आवाज माझेच शब्द परत देईल, मला रागावणार नाही. भास म्हणावा तर वॉचमननेही सगळं ऐकलं होतं.

तेराव्याला चेण्याला गेलो, तेव्हा जे झालं ते सगळं सांगितलं. वसंतची बायको डोळे पुसत म्हणाली, "भावजी, त्यांनीच तुमाला वर ठेवला. तुमी तरी वाचलात."

त्याची आई कोपऱ्यात बसली होती. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "तो माजा पोर न्हवता. तो आवाज न्हाय आला असता, तर तू माज्या पोराला वर वडला असतास."

त्यानंतर मी टाकीचं काम कधी घेतलं नाही. त्या घरी मात्र जात राहिलो. म्हातारी असेपर्यंत दोघी आपापलं म्हणणं मला ऐकवायच्या, कधी एकाच बैठकीत. मी दोघींपुढेही मान हलवायचो.